चर्न डॅश ब्लॉक: मधली ओळ आखूड का पडतेय? आणि जुनी चूक ठेवू की सुधारू?

मृदुला_ओ
नमस्कार मंडळी. शिवणकामाचा धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न छोटा आहे, पण गेले तीन आठवडे त्यानं डोकं खाल्लंय.

मी ओहायोत राहते. आमच्या शेजारच्या शेतावर ८६ वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुधाचा धंदा होता, आता गोठा रिकामा आहे. त्यांच्या आईनं १९४०च्या दशकात शिवलेली एक क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, त्यांच्याकडे आहे, चर्न डॅश ब्लॉकची (ब्लॉक म्हणजे नमुन्याचा एक चौकोन). पाच बाय सहा, तीस ब्लॉक. इतकी विरलीय की घडी उलगडायलाही भीती वाटते. बसल्या जागी मांडीवर घेता येईल अशी तशीच एक लहान क्विल्ट त्यांना करून द्यावी म्हणून बारा ब्लॉकचं काम हाती घेतलंय.

ब्लॉक तयार झाल्यावर ९ इंचाचा, म्हणजे माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं कापड) धरून साडेनऊ. त्यात नऊ घरं. चार कोपऱ्यांत गडद-फिके त्रिकोण, चार बाजूंना दोन पट्ट्या जोडून केलेला चौकोन (जोडपट्टी), मधोमध एक अख्खा चौकोन. पट्ट्या २ बाय साडेतीन कापल्या, मधला चौकोन साडेतीनचा. पण शिवल्यावर वरची आणि खालची ओळ भरते ९ इंच ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि मधली फक्त ९ इंच २ सूत. ओढून जोडली की ब्लॉक कमरेत आवळल्यासारखा दिसतो. चार ब्लॉक उसवले, पुन्हा शिवले, पुन्हा तेच.

दुसरा प्रश्न. जुन्या क्विल्टमध्ये एका ब्लॉकची एक बाजू उलटी लागलीय. गडद पट्टी मधल्या चौकोनाला चिकटून हवी, ती बाहेरच्या कडेला गेलीय. नव्या क्विल्टमध्ये ती चूक तशीच ठेवू की सुधारू?

टाचणी
तुमचं कापणं बरोबर आहे, माया जास्त जातेय.

मधल्या ओळीत शिवणी मोजा. डावीकडच्या दोन पट्ट्यांमधली एक, मग मधल्या चौकोनाच्या दोन्ही बाजूंच्या दोन, मग उजवीकडच्या पट्ट्यांमधली एक. चार झाल्या. वरच्या ओळीत आडव्या मापात येणाऱ्या शिवणी दोनच, कारण तिथली जोडपट्टी आडवी बसते. आता प्रत्येक शिवणीत अर्धं सूत जास्त गेलं असं धरा. वरची ओळ एक सूत कमी, मधली दोन सूत कमी. तुम्ही दिलेली मापं तंतोतंत हीच आहेत!

पाव इंच माया म्हणजे सुईपासून कडेपर्यंत पाव इंच, हे बरोबर. पण शिवण एका बाजूला दाबली की कापड दोऱ्यावरून वळतं आणि त्या वळणात थोडं कापड खर्ची पडतं. म्हणून पाव इंचापेक्षा दोऱ्याच्या जाडीइतकी कमी माया घ्यायची. सुई पट्टीवर आणून माप घ्या आणि मशीनवर तिथे जाड चिकटपट्टी लावा, कापड तिला टेकवून सरकवायचं.

मृदुला_ओ
टाचणीताई, आत्ताच उठून जोडपट्टीचा चौकोन मोजला. साडेतीनला अर्धं सूत कमी! मी आजवर फक्त पूर्ण ओळच मोजत होते.

कात्रण
टाचणी यांना अनुमोदन. अंदाजावर जाऊ नका, आधी चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा आणि इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली आणि एकूण रुंदी साडेतीन भरली, तर माया जमली. दोरा बदलला की ही चाचणी पुन्हा करावी. जाड दोऱ्यानं गणित बिघडतं.

नीलकंठी
मी या मायेच्या नादाला लागत नाही. पट्ट्या दोनऐवजी सव्वादोन इंच कापते, जोडते, इस्त्री करते आणि मग शिवण मधोमध ठेवून साडेतीनचा चौकोन छाटते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन. आयुष्यात एकदाही आखूड पडलं नाही.

टाचणी
@नीलकंठी, जोडपट्टीपुरतं चालेल, पण ओळी जोडतानाच्या शिवणी उरतातच ना? त्यात माया जास्त गेली तर ब्लॉक लहानच होणार. सगळे सारखे लहान झाले तर भागतं, एवढंच. शिवाय बारा ब्लॉकला अठ्ठेचाळीस जोडपट्ट्या, प्रत्येकीच्या दोन्ही कडा छाटायच्या म्हणजे कापडही जातं आणि संध्याकाळही.

नीलकंठी
मला छाटायला आवडतं :) रोटरी कटरचा, म्हणजे चाकासारख्या पात्याच्या सुरीचा, तो करकर आवाज ऐकला की दिवसभराचा शीण जातो.

अर्धविराम
क्विल्टमधलं ओ की ठो कळत नाही, तरी धागा शेवटपर्यंत वाचतोय. ‘चर्न डॅश’ म्हणजे काय ते कुणी सांगाल का?

माजघर
@अर्धविराम, लोणी काढायच्या भांड्याचा भाग आहे तो. अमेरिकेतल्या शेतघरांत लाकडी फळ्यांचं उंच, वर निमुळतं होत गेलेलं पिंप असायचं, ते चर्न. त्याच्या झाकणाला मधोमध भोक आणि त्यातून आत गेलेला लांब दांडा. दांड्याच्या खालच्या टोकाला लाकडाची फुली किंवा भोकं पाडलेली चकती, तिला डॅश किंवा डॅशर म्हणतात. रवी आपण दोरीनं गरागरा फिरवतो, हा दांडा मात्र वर-खाली हाणायचा. साय त्या भोकांतून दाबली जाते, ढवळते आणि लोणी वेगळं होतं. झाकण काढून वरून पिंपात डोकावलं की जे दिसेल, तोच हा ब्लॉक, असं समजतात. मधला चौकोन म्हणजे दांडा, चार कोपरे म्हणजे फुलीचे हात.

दिगंत
हाच ब्लॉक मंकी रेंच (एक प्रकारचा पाना) नावानंही ओळखला जातो ना? गुलामगिरीच्या काळात पळून जाणाऱ्यांसाठी कुंपणावर क्विल्ट टांगायचे, मंकी रेंच दिसला की ‘अवजारं गोळा करा, निघायची तयारी करा’ असा अर्थ, असं वाचलंय. मला फार भिडली होती ती गोष्ट.

कात्रण
@दिगंत, गोष्ट भिडते हे खरं, पण पुराव्यावर उभी राहत नाही. ती सगळीकडे पसरली १९९९ साली आलेल्या एका पुस्तकामुळे, आणि त्या पुस्तकाचा आधार होता एका कुटुंबात तोंडी चालत आलेली हकिकत. १९३०च्या दशकात अमेरिकी सरकारच्या लेखक प्रकल्पानं पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती नोंदवून ठेवल्या. त्यांत अशा सांकेतिक क्विल्टचा माग लागत नाही. क्विल्टचे इतिहासकार म्हणूनच ती मानत नाहीत. पळून गेलेल्या माणसांचं धाडस त्यांच्या स्वतःच्या शब्दांत नोंदलेलं आहे. ते वाचावं, त्याच्यापुढे कुठलीही रचलेली गोष्ट फिकी आहे.

नावांबद्दल मात्र तुम्ही बरोबर. या एका ब्लॉकला होल इन द बार्न डोअर, डबल मंकी रेंच, लव्ह नॉट, लिंकन्स प्लॅटफॉर्म, शर्मन्स मार्च अशी ढीगभर नावं आहेत. यातलं शेवटचं अमेरिकी यादवी युद्धातल्या जनरल शर्मनच्या १८६४च्या जॉर्जियातल्या मोहिमेवरून. छापील नमुन्यांनी ही नावं गावोगाव नेली. सेंट लुईसच्या लेडीज आर्ट कंपनीनं १८८९पासून नमुन्यांची सूची काढून टपालानं नमुने विकले. पुढे कॅन्सस सिटी स्टार या वृत्तपत्रानं १९२८ ते १९६१ या काळात नमुने छापले. वाचकच आपापल्या घरचे नमुने नावासकट पाठवायचे, त्यामुळे एकाच आकृतीची चार नावं छापून आली.

शेवंती
होल इन द बार्न डोअर! कोठाराच्या दाराचं भोक. मला हे नाव जास्त पटतं. मधला फिका चौकोन खरंच भोकासारखा दिसतो.

दिगंत
@कात्रण, धन्यवाद. मी ती गोष्ट शाळेतल्या मुलांनाही सांगितली होती. आता त्यांना हेही सांगेन.

पाऊलवाट
ओहायो आणि कोठार म्हटलं की मला बार्न क्विल्ट आठवतात. मृदुला, तुमच्याच राज्यातली गोष्ट! ॲडम्स काउंटीतल्या डॉना स्यू ग्रोव्ह्स यांना आपल्या तंबाखूच्या कोठारावर आईसाठी, मॅक्सिनसाठी, क्विल्टचा ब्लॉक रंगवायचा होता. मॅक्सिन स्वतः क्विल्ट शिवायच्या. त्यातून २००१ साली काउंटीतल्या कोठारांवर असे ब्लॉक रंगवायची मोहीमच सुरू झाली आणि पहिला रंगला तो ओहायो स्टार. आता अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत आणि कॅनडातही रस्त्यानं जाताना आठ बाय आठ फुटांचे रंगीत ब्लॉक कोठारांवर दिसतात. आम्ही एकदा दिवसभर फक्त तेच बघत हिंडलो होतो. जवळ गेल्यावर कळतं की तो लाकडाच्या फळ्यांवरचा रंग आहे, लांबून मात्र अगदी कापड टांगल्यासारखं वाटतं.

मृदुला_ओ
@पाऊलवाट, हो! आमच्या वाटेवर दोन आहेत. एक अर्थातच चर्न डॅश.

माजघर
१९४०च्या दशकातली आणि शेतावरची क्विल्ट म्हणजे कापड पोत्याचं असायची दाट शक्यता. कोंबड्यांचं खाद्य, पीठ, साखर सुती पोत्यांतून यायचं. पोतं उसवलं की वारभर, कधी थोडं जास्त कापड मिळायचं. १९२०च्या दशकाच्या मध्यापासून कंपन्या छापील फुलाफुलांची पोती काढू लागल्या, कारण कुठलं खाद्य घ्यायचं ते घरातली बाई पोत्याच्या छापावरून ठरवायची. ही पोती साखळी टाक्यानं शिवलेली असत. योग्य टोक सापडलं की दोरा सरसर एका ओढीत निघून यायचा, आणि तो दोराही गुंडाळून ठेवायचे. शिवलेल्या जागी भोकांची एक रांग मागे राहायची. मृदुला, कुठल्या तुकड्यावर समान अंतरावर बारीक भोकं दिसतायत का बघा.

टीपकागद
वाचनखूण साठवली आहे.

मृदुला_ओ
@माजघर, काल भिंग घेऊन गेले. आहेत! निळ्या फुलांच्या तीन तुकड्यांवर भोकांची रांग. मी त्या बाईंचं बोट धरून त्यावरून फिरवलं. त्यांची नजर अधू झालीय, पण बोटाला लगेच कळलं. म्हणाल्या, हे कोंबडीखाद्याचं. आणि सांगितलं की वडील खाद्य आणायला निघाले की आई हातात कापडाचा तुकडा द्यायची, अगदी याच छापाची दोन पोती आण, म्हणून. वडील पोत्यांच्या थप्पीतून तळाचं पोतं ओढून काढायचे आणि दुकानदार वैतागायचा.

शेवंती
किती गोड! आता दुसऱ्या प्रश्नाकडे. ती चूक मुद्दाम केलेली असणार. जुन्या बायका प्रत्येक क्विल्टमध्ये एक ब्लॉक चुकवायच्या, निर्दोष फक्त देव, म्हणून. त्याला नम्रतेचा ब्लॉक म्हणतात. तुम्हीही ठेवाच.

कात्रण
@शेवंती, तुमचा हेतू चांगला आहे, पण हेही नंतर चिकटवलेलं आहे. जुन्या क्विल्ट करणाऱ्यांनी असं काही लिहून ठेवल्याचं मिळत नाही. आणि विचार करा, एक चूक मुद्दाम घालावी लागते म्हणजे बाकी सगळं माझं निर्दोष असतं असं म्हणण्यासारखं आहे. त्यात नम्रता कुठे राहिली? दिवसभर दूध काढून, घर आवरून रात्री सुई हातात घेणाऱ्या बाईला चुका मुद्दाम कराव्या लागत नाहीत.

माझं मत: सुधारा. त्या आईला दिसली असती तर तिनंही उसवली असती.

नीलकंठी
असहमत. दिसली असेल आणि सोडून दिली असेल. सतरा तुकड्यांचा ब्लॉक, त्यातली एक बाजू बदलायला तीन शिवणी तरी उसवाव्या लागतात. पोत्याचं विरविरीत कापड उसवताना कड दशा सोडते, पाव इंच मायेतली निम्मी जाते. शहाणी बाई हात लावणार नाही.

टाचणी
आपण इथे बसून त्या आईच्या मनात काय होतं ते ठरवतोय. लेक शेजारी राहते. मृदुला, तिलाच विचारा की.

तोवर एक गोष्ट राहिली होती. या ब्लॉकच्या त्रिकोणांची आठ टोकं ब्लॉकच्या बाहेरच्या कडेवर येतात. दोन ब्लॉकांच्या मधे येणाऱ्या पट्ट्या जोडताना माया जास्त गेली तर ती टोकं बोथट होतात आणि सगळा उठाव जातो. चार इंचाचे गडद-फिके चौकोन एकमेकांवर ठेवून, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारून, कर्णावर कापता ना? मग उघडून साडेतीनला छाटताना पट्टीवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवा, म्हणजे शिवण नेमकी कोपऱ्यातून निघेल. आणि इस्त्री घासू नका. कापल्यावर तिरकी कड उरेब होते, इस्त्री सरकवली की ताणते. उचलून ठेवायची, पुन्हा उचलायची.

स्वरा१२
मलाही करायचाय हा ब्लॉक. बारा ब्लॉकना कापड किती लागेल? आणि ३ इंच ७ सूत असं नेमकं माप सगळीकडे दिसतं, तुम्ही चार इंच का म्हणताय?

टाचणी
@स्वरा१२, ३ इंच ७ सूत कापलं तर शिवल्यावर थेट साडेतीन मिळायला हवं, छाटायला काही उरत नाही. नवशिक्यानं चारच घ्यावं. त्या एका सुतात सगळ्या चुका जिरतात.

४२ इंच पन्हा धरला तर गडद कापडाच्या चार इंची तीन पट्ट्यांतून २४ चौकोन निघतात. दोन इंची पाच पट्ट्या गडद, पाच फिक्या. त्या लांबच्या लांब एकमेकींना जोडायच्या आणि मग साडेतीन इंचावर कापत जायचं, म्हणजे ४८ जोडपट्ट्या सुट्या शिवाव्या लागत नाहीत. गडद पाऊण वार पुरतं. मधला चौकोन फिका असेल तर फिकं एक वार घ्या. दोन ब्लॉकांच्या मधे येणाऱ्या पट्ट्या आणि अस्तर वेगळं.

नीलकंठी
रोटरी कटर १९७९ साली ओल्फा कंपनीनं आणला, त्याआधी हे सगळं पुठ्ठ्याचे साचे ठेवून, पेन्सिलीनं आखून, कात्रीनं. १७ गुणिले ३० किती होतात बघा. पाचशे दहा तुकडे. त्यातला एक उलटा लागला तर मी त्या बाईला दंडवत घालीन.

अर्धविराम
मृदुलाताई, पुढे काय झालं? आता मीच अस्वस्थ झालोय.

मृदुला_ओ
उशीर झाला, माफ करा. आधी पहिल्या प्रश्नाचं. चिकटपट्टी लावली, तीन पट्ट्यांची चाचणी केली. पहिल्या वेळी मधली पट्टी इंचाला जराशी कमी, सुई एक घर उजवीकडे सरकवली, दुसऱ्या वेळी नेमकी एक इंच. त्यानंतरचा पहिलाच ब्लॉक तिन्ही ओळींत साडेनऊ. मी तो रात्री अकरा वाजता नवऱ्याला उठवून दाखवला. आता अकरा ब्लॉक झालेत.

दुसऱ्याचं. मी त्यांना विचारलं की आईनं तो ब्लॉक मुद्दाम तसा ठेवला होता का. त्या म्हणाल्या, आईला माहीतच नव्हतं. लहानपणी त्या आणि त्यांची धाकटी बहीण एका पलंगावर झोपायच्या. हिवाळ्यात अंधारात हातानं चाचपडत तो उलटा ब्लॉक शोधायचा, ज्या बाजूला तो येईल ती बाजू जिंकली, तिनं भिंतीकडे झोपायचं, कारण तिथे वारा कमी लागायचा. रोज रात्री. बोटांना कळायचं, कारण तिथली शिवण दुसऱ्या अंगाला दाबलेली होती आणि जाड लागायची. आईला सांगितलं तर ती दुरुस्त करेल म्हणून दोघींनी कधी सांगितलं नाही.

बहीण आता नाही.

कात्रण
माझं ‘सुधारा’ मागे घेते.

शेवंती
वाचताना डोळे भरून आले.

टाचणी
मृदुला, मग शिवणही तशीच दाबा. बाकीच्या जोडपट्ट्यांत शिवण गडद बाजूला दाबली आहे ना? पट्टी उलटी लावली की तुमची शिवण आपोआप बाहेरच्या अंगाला येईल, कारण गडद आता बाहेर आहे. इस्त्रीनं फार चपटी करू नका. त्या जागी शिवण वर उठून लागली पाहिजे.

नीलकंठी
आणि तिथे क्विल्टिंगचा धावदोरा शिवणीच्या अगदी जवळून घालू नका, नाहीतर ती बसेल. पाव इंच लांबून घाला. बॅटिंग, म्हणजे मधला भरावाचा थर, तोही पातळ सुती घ्या. जाड पॉलिस्टरच्या गुबगुबीत थरात बोटाला काही कळणार नाही.

मृदुला_ओ
बारावा ब्लॉक आज झाला. हात इतका सरावलाय की मुद्दाम उलटी पट्टी लावताना दोनदा सरळच लावली गेली, उसवून पुन्हा लावली. दोन इंची मधल्या आणि चारी कडांच्या पट्ट्या धरून क्विल्ट ३५ बाय ४६ होतेय. जुन्या क्विल्टमध्ये तो ब्लॉक कडेला होता, मीही कडेलाच घेतलाय, डावीकडे खालून दुसरा, म्हणजे मांडीवर घेतली की डावा हात सहज तिथे जाईल.

काल नुसते जोडलेले ब्लॉक घेऊन गेले होते, अस्तर-बॅटिंग काही नाही. त्यांनी आधी उलटी बाजू बघितली, मग सुलटी. मी काहीच सांगितलं नव्हतं. बोटं एकेका ब्लॉकवरून फिरत गेली आणि डावीकडे थांबली.

अस्तराला निळं घेऊ की पिवळं, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

माजघर
निळं घ्या. कोंबडीखाद्याचं निळं.